कुठल्या गाडीनं

गाडी थांबली तेव्हा बाकड्यावरच्या बाटलीतलं पाणी आधी पुढं-मागं हललं आणि मग एका अंगाला चढून तसंच राहिलं. समतानं वाकून पाहिलं. डाव्या कडेला पाणी उजवीपेक्षा अर्धा सेंटिमीटर वर होतं. खरं तर पाणी सपाटच होतं. कललेली होती ती बाटली, आणि बाटलीबरोबर बाकडं, डबा, डब्यातली माणसं. चार-पाच अंश असावेत. तिनं बाटली उचलून पिशवीत ठेवली.

“वळणावर उभी केलीया,” समोर बसलेली आई म्हणाली. “म्हंजे जांभेगाळीचा सिग्नल पडला न्हाय.”

खाली पडणाऱ्या लोखंडी हातांचे सिग्नल जाऊन या मार्गावर दिवे आले, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. तानीबाईच्या तोंडी मात्र सिग्नल अजून पडतच होता. जांभेगाळी स्टेशनात तिनं सतरा वर्षं पॉइंट्समन म्हणून, रुळांचे सांधे बदलत, काढली होती. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी गाडीत बसली की तिचा एक कान रुळांवर असायचा.

“सुटेल दहा मिनिटांत,” समता म्हणाली.

“न्हाय सुटत. शिट्टी ऐक.”

इंजिनानं लांब शिट्टी दिली. थोड्या वेळानं परत दिली. दोन्ही बाजूंच्या झाडीत ती शिट्टी विरली.

“उत्तर न्हाय. आता माणूस चालत येणार, हातात कागद घिऊन. अर्धा तास धर.”

समतानं घड्याळ पाहिलं. दहा वाजून पाच मिनिटं. बेळगावातून पुण्याची बस दीडला होती. तिकीट एकट्या तानीबाईचं होतं. पुण्यात रात्री भीमरत्न, तिचा धाकटा मुलगा, बसस्टँडवर उतरवून घेणार होता. गेली तीन वर्षं तो म्हणत होता, आई, माझ्याकडं ये, आणि तीन वर्षं तानीबाई म्हणत होती, बघू. मागच्या महिन्यात गुंजीच्या घरात ती न्हाणीत घसरली, मनगट मुरगळलं, आणि तो म्हणाला, आता बास. या वेळी ती ‘बघू’ म्हणाली नाही. घराची चावी शेजारच्या जयाबाईकडे दिली, आणि भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर उतरवून जुन्या लुगड्यात गुंडाळली. ते गाठोडं आता तिच्या मांडीवर होतं. तसबीर निघाली म्हणजे घर निघालं, हे समताला कुणी सांगायची गरज नव्हती.

समता बेळगावात शहापूरला दोन खोल्यांत एकटी राहत होती. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती. आईला स्वतःकडे ठेवून घ्यायचं, हे तिनं कधीच ठरवलं होतं. ते म्हणायचं मात्र राहून गेलं होतं, आणि आता म्हणायला साडेतीन तास उरले होते.

आईच्या अंदाजाप्रमाणे अर्ध्या तासानं रुळांकडेनं एक माणूस आला, इंजिनाशी थांबला, परत फिरला. मग गाडी चालत्या माणसाच्या वेगानं निघाली आणि जांभेगाळीच्या फलाटाला लागून परत उभी राहिली.

माणसं खाली उतरली. डिसेंबरातलं ऊन होतं, झाडांच्या सावलीत अजून गारठा होता. फलाटावर नव्या फरश्या आणि स्टीलचे बाक आले होते. मास्तरांच्या खोलीबाहेर रुळाचा एक तुकडा टांगलेला असायचा, गाडी येताना त्यावर टोले पडायचे. त्या जागी आता फक्त दोन खिळे होते. तानीबाईनं जाता जाता त्या खिळ्यांकडे पाहिलं.

त्यांच्याच डब्यातली अंबुबाई रताळ्यांचं पोतं घेऊन बेळगावच्या बाजाराला निघाली होती. पोत्याला पाठ लावून ती फलाटावरच बसली.

“का थांबलीया हो ही आता? येताना तर कागद दिला नव्हं?”

“त्यो स्टेशनात यायचा कागद,” तानीबाई म्हणाली. “पुढं जायला दुसरा लागतोय. ह्यो मास्तर पुढच्या मास्तरास्नी फोनवर विचारणार, गाडी पाठवू का. त्यो बघणार, रूळ मोकळा हाय का. असला की एक नंबर सांगणार. दोघं आपापल्या वहीत लिवणार. मग ड्रायव्हरला कागद.”

“आन् तिकडचा रूळ मोकळाच असंल तर? त्यो आपणहून सांगत न्हाय, पाठीव म्हणून?”

“विचारल्याबिगर न्हाय सांगत.”

“मोकळा असून?”

“मोकळा असून.”

“मग बसा म्हणावं दोघंबी गालाला हात लावून,” अंबुबाई म्हणाली आणि पिशवीतून सुपारी काढली.

एवढ्यात फलाटाच्या टोकाकडून एक माणूस खांद्यावर लोखंडी क्लॅम्प आणि हातात कुलपांचा जुडगा घेऊन येताना दिसला. सिग्नल बंद पडले की रुळांचे सांधे हातानं जुळवून, क्लॅम्पनं आवळून, कुलूप लावावं लागतं. तानीबाईनं डोळ्यांवर हात धरला.

“यल्लाप्पा का रं त्यो?”

यल्लाप्पा थांबला. त्याच्या मिशा आता पूर्ण पांढऱ्या झाल्या होत्या.

“तानाक्का? खरंच तूच व्हय?”

“न्हाय, माझं भूत हाय. क्लॅम्प उलटा धरलायस.”

यल्लाप्पानं दचकून खांद्यावरचा क्लॅम्प पाहिला. मग मान हलवली. “अजून तसंच हाय बघ बाईचं.” समताकडे वळून म्हणाला, “मॅडम, तुमच्या आईनं माझ्या नोकरीच्या पयल्या दिवशी मला असंच फशिवलं हुतं. सांधा लागला न्हाय म्हणून धा फर्लांग परत पळवलं.”

“दोन फर्लांग. आन् खरंच लागला नव्हता.”

“काय झालंय हो यल्लाप्पाकाका?” समतानं विचारलं.

“उंदीर. वायर खाल्ली म्हणत्यात. बेळगावास्न माणूस निघालाय बघायला. आमच्या टायमाला दांडा ओढला की तार ताणायची, सिग्नल पडायचा. आता उंदराचा मूड सांभाळायला लागतोय.” मग त्याचं लक्ष पिशव्यांकडे गेलं. “निघाली कुठं स्वारी?”

“पुण्याला. भीमाकडं,” तानीबाई म्हणाली.

“किती दिस?”

तानीबाईनं गाठोड्याची गाठ चाचपली.

“कायमची,” समता म्हणाली.

यल्लाप्पानं क्लॅम्प दुसऱ्या खांद्यावर घेतला. “आन् तिथं करणार काय तू? लिफ्टला झेंडी दावणार?”

“तू आलास की दावतो. लाल.”

तो हसत मास्तरांच्या खोलीकडे गेला. तानीबाई मात्र दुसऱ्या बाजूला वळली, फलाटाच्या उताराकडे. समता मागून गेली.

उताराखाली रेल्वेच्या चार खोल्या होत्या तिथं आता गवत होतं. बाप, सिद्राम, रुळांवर गँगमन होता; तापानं गेला तेव्हा समता चौदा वर्षांची होती. त्याच्या जागी आईला नोकरी मिळाली आणि हीच शेवटची खोली. मीटरगेजची ब्रॉडगेज होण्याचे दिवस होते ते, सगळीकडे खडी आणि माणसं. साडीवर खाकी सदरा चढवून आई पहिल्या दिवशी निघाली तेव्हा खडीवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. तिसऱ्या महिन्यात त्याच बायका तिला गाड्यांची वेळ विचारून स्वयंपाकाला लागत.

त्या खोलीत घड्याळ होतं पण त्याकडे कुणी पाहत नसे. सकाळची मालगाडी गेली की भाकरी थापायची. पॅसेंजर आली की भीमानं शाळेला पळायचं. पुढच्या स्टेशनाकडून मोकळीक मिळाली की यंत्रातून लोखंडी गोळा, म्हणजे गाडीचा परवाना, बाहेर पडायचा, त्याचा खट्‌ आवाज समता अभ्यास करताना ऐकायची. आई तो गोळा वेताच्या कड्यात अडकवून चालत्या गाडीच्या कडेला उंच धरायची आणि ड्रायव्हर हात घालून तो ओढून न्यायचा. त्या एका क्षणात आईचं सगळं अंग गाडीच्या दिशेनं ओढलं जायचं आणि परत सरळ व्हायचं. पुढं कॉलेजात वेग आणि वस्तुमान शिकताना समताला ते आधीच ठाऊक असल्यासारखं वाटलं.

आणि पाहुणे. मामा, मावशी, चिकोडीची आत्या. त्यांना आदल्या संध्याकाळी एकच गोष्ट विचारायची पद्धत होती: उद्या कुठल्या गाडीनं? त्यावर किती वाजता उठवायचं, शिदोरीला काय बांधायचं, कोण फलाटावर जाऊन मास्तरांना सांगणार, सगळं ठरायचं. ‘जेवलास का’ म्हणावं तसं ते विचारलं जायचं.

गवतात कपडे धुण्याचा दगड तेवढा उरला होता. तानीबाई त्यावर बसली, पाय लांब केले.

“तू बघ काय ते. मी हितं बसतो.”

समता फलाटावर परतली तोवर फोन वाजत होता.

“आक्का, कुठं आहात?” भीमरत्नचा आवाज घाईचा होता. “अजून जांभेगाळीलाच? अगं, बस चुकेल. तिथून वडाप मिळतं बघ रस्त्यावर, खानापूरपर्यंत जा, तिथून मी टॅक्सी सांगतो. आईला म्हण, तिच्या खोलीत पलंग आलाय. काल रंग दिला. निळा.”

“बघतो,” समता म्हणाली. कॉलेजात ‘बघते’ म्हणणारी ती घरच्यांशी बोलताना आपोआप ‘बघतो’वर यायची, इकडच्या सगळ्या बायकांसारखी.

स्टेशनामागच्या रस्त्यावर वडापची एक जीप लागली होती. “खानापूर, खानापूर,” असा आवाज येत होता. नोकरीवर पोचायचं असलेली माणसं उतरून तिकडे धावत होती. समतानं दोन्ही पिशव्या उचलल्या. आधी पिशव्या ठेवाव्यात, मग आईला हाक मारावी.

मास्तरांच्या खोलीतून येणाऱ्या यल्लाप्पानं एक पिशवी तिच्या हातातून घेतली.

“वडापनं चाललाय?”

“बस आहे दीडची.”

तो तिच्यासोबत चालू लागला. जिन्याजवळ आल्यावर म्हणाला, “एक बोलू? रागावू नका. तुम्ही मोठ्या झालाय, पर मी तुम्हाला झबल्यात बघितलंय.”

“चौदा वर्षांची होतो मी इथं आलो तेव्हा.”

“तेच. माझ्या दृष्टीनं झबलंच.” त्यानं पिशवी खाली ठेवली. “तीन वर्सामागं आक्का तुमच्याकडं आलती. आठवतंय?”

आठवत होतं. समतानं खोल्या घेतल्या होत्या त्या वर्षी. आई चार दिवस राहिली. तांब्याची भांडी चिंचेनं घासून काढली. गॅलरीत बसून, लांबून ऐकू येणाऱ्या गाड्यांचे नंबर सांगत राहिली. चौथ्या संध्याकाळी समता भात लावून तिच्याशेजारी येऊन बसली, सांगायचं म्हणून. कसं सुरू करावं कळेना. तोंडातून निघालं ते सवयीचं: “उद्या कुठल्या गाडीनं?” आणि आई तत्काळ म्हणाली, “सकाळच्या पॅसेंजरनं.” सकाळी पिशवी भरलेली होती. म्हणजे आईनं आधीच ठरवलं होतं. लेकीच्या घरी तिला राहायचं नव्हतं. समतानं तसं मानलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

“त्या दिवशी परत जाताना हितं उतरली,” यल्लाप्पा सांगत होता. “तिकीट गुंजीचं, आन् उतरली हितं. दुपारपतोर त्या दगडावर बसलती. मी च्या नेऊन दिला. म्हटलं, काय झालं आक्का, पोरीसंगं भांडलीस? न्हाय म्हणाली. म्हणाली, पोरीनं गाडी विचारली.”

“एवढंच?”

“एवढंच. मी म्हटलं, त्यात काय, समदीच विचारत्यात. तर म्हणाली, पाव्हण्याला विचारत्यात.”

समतानं हातातली पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग परत पहिल्या हातात.

“मॅडम,” जीपवाल्यानं हाक मारली. “दोन शिटा हायत. येणार का?”

“नाही.”

“मागनं दुसरी न्हाय हां. मग म्हणाल, सांगितलं न्हाय.”

“नाही येत. जावा तुम्ही.”

जीप धूळ उडवत गेली. यल्लाप्पानं पिशवी पुन्हा उचलली, फलाटावरच्या बाकाशी नेऊन ठेवली आणि क्लॅम्प खांद्यावर टाकून रुळांकडे चालू लागला.

समता उतारावरून खाली आली. आई तशीच बसली होती. गाठोडं मांडीवरच.

“वडाप?”

“गेलं.”

“मग बस चुकणार.”

“चुकू दे.”

तानीबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि दगडावर थोडी सरकून जागा केली. दगड लहान होता. दोघींचे खांदे एकमेकींना टेकले. समतानं गवताचं एक पातं तोडलं. कॉलेजात साठ मुलांसमोर तिला कधी शब्द शोधावा लागत नसे.

“त्या वेळी मी तुला गाडी विचारली,” ती म्हणाली.

“कवा?”

“तुला माहीत आहे कवा.”

तानीबाईनं लांब, रुळांकडे जाणाऱ्या पाठमोऱ्या माणसाकडे पाहिलं. “यल्लाप्पाच्या तोंडात तीळ भिजत न्हाय.”

“सवयीनं विचारली गं. दुसरंच बोलायला आलतो मी. तू लगेच सकाळची पॅसेंजर म्हणालीस.”

“विचारलीस, म्हणून सांगितली.”

“मला वाटलं, तुला जायचंय.”

“मला वाटलं, तुला पाठवायचंय.”

वर फलाटावर कुणीतरी हसलं. अंबुबाईचा आवाज आला, ती कुणाला तरी नंबराची गोष्ट समजावून सांगत होती, आणि थोडी चुकीची सांगत होती. तानीबाईच्या ओठांची हालचाल झाली, दुरुस्त करावंसं वाटल्यासारखी. मग ती तशीच बसली.

“आई, माझ्याकडं राहशील?” समता म्हणाली. एकदा निघाल्यावर ती थांबली नाही. “दोनच खोल्या आहेत. पाणी एक दिवसाआड येतं. मी सकाळी आठला जातो, पाचला येतो, तोवर तू एकटी. जिना आहे, पण कठडा धड आहे. न्हाणीत मी रबरी चटई घालतो. चार दिवस नाही म्हणत मी.”

तानीबाई गाठोड्यावरच्या लुगड्याची घडी बोटानं सरळ करत होती. लुगडं मऊ झालं होतं, घडी राहत नव्हती.

“भीमानं खोली रंगवलीया,” ती म्हणाली.

“हो. निळी.”

“पलंगबी आणलाय. हप्त्यानं घेतला असंल.” तिनं घडी पुन्हा ओढली. “पोरगं वाईट न्हाय माझं.”

“नाहीच.”

“सून बी चांगली हाय.”

“हो.”

आईचा मुरगळलेला हात अजून थोडा सुजलेला होता. त्या हाताची बोटं घडीवर थांबली होती. बारा वाजत आले असावेत, दगडाची सावली त्यांच्या पायाखाली आली होती. वर मास्तरांच्या खोलीत फोन वाजला, कुणीतरी मोठ्यानं आकडा उच्चारला, आणि पुन्हा एकदा उच्चारला. तानीबाईनं सवयीनं मान वर केली, ऐकलं, आणि खाली घातली.

समताच्या हातातला फोन वाजू लागला. भीमाचं नाव होतं.

“काय सांगू त्याला?” समतानं विचारलं.

“तू नको सांगू. तू सांगितलंस तर त्याला वाटंल, तू मला अडवून घेतलीस.” तानीबाईनं पदराला हात पुसले, एक, मग दुसरा, आणि हात पुढं केला. “हिकडं दे.”

समतानं फोन तिच्या हातात दिला. तानीबाईनं तो कानाला न लावता तोंडासमोर धरला, स्टेशनातल्या जुन्या फोनसारखा, आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा बोलावा तशी बोलली.

“भीमा, आई बोलतोय. जीव घाबरा करून घेऊ नको, आम्ही बरी हाय. त्या खोलीत पोरास्नी झोपीव, सुट्टीत मी येईन तवा त्यांच्यासंगं झोपीन. ऐक आता. मी पुण्याला ऱ्हायला येत न्हाय. समतानं विचारलंय. मी तिच्याकडं ऱ्हातो.”